पक्की डोलकाठी

"हलवून दाखव," वोबेकाका म्हणाले.

होडीत उभ्या असलेल्या हिस्केमावशींनी डोलकाठीला दोन्ही हात घातले आणि हलवलं. काठी चांगली वीतभर हलली.

"बघ, हलतेय. सुतळीनं बांधलेली काठी म्हणजे डोलकाठी नव्हे. नियमात 'पक्की बसवलेली' असं लिहिलंय. तुला पुलाखालून वाकून जाता येतं, तर जा वाकून."

"वाकून जायचं असतं तर ही उठाठेव कशाला केली असती मी? अरे, तुझ्याच पुलासाठी मरतेय ना!"

"म्हणून तर सांगतोय. पक्की करून ये."

मी फाटकाशी पावाच्या गाडीत बसून हे ऐकत होतो. नावेचा भोंगा वाजला की आधी फाटक पाडायचं आणि मग चौकशी करायची, ही पूलवाल्या वोबेकाकांची पद्धत. त्यामुळे पूल न उघडताही माझा खोळंबा झालाच होता. खिडकीतून डोकं काढून मी ओरडलो, "काका, काय ते एकदाचं ठरवा! पाव गार होतायत."

"तू गप रे, पाववाल्या," दोघं एका सुरात म्हणाले.

हिस्केमावशी नाक फुगवून होडी वळवून गेल्या. काकांनी फाटक उचललं आणि मी पलीकडे गेलो. जाता जाता मनात म्हटलं, या माणसाला स्वतःच्या गळ्याभोवतीचा फास सोडवायला सांगितला, तर आधी दोर कुणाच्या मालकीचा आहे ते विचारेल.

फास खराच होता. एप्रिलात सरकारच्या कालवे खात्याचं पत्र आलं होतं. वोबेकाकांनी मला स्वयंपाकघरात बसवून, कॉफी आणि एक बिस्किट देऊन, डबा बंद करून ते वाचून दाखवलं होतं. कालव्यावरची वाहतूक घटली आहे, गेल्या हंगामात पूल फक्त चौऱ्याण्णव वेळा उघडला. या हंगामात, म्हणजे ऑक्टोबरच्या एकतीस तारखेपर्यंत, तो तीनशे वेळा उघडला गेला नाही तर कायमचा जखडून टाकण्यात येईल आणि पूलवाल्याची जागा रद्द होईल. खाली सही, शिक्का, "आपला विश्वासू". विश्वासू म्हणे!

खरं सांगायचं तर मला तेव्हा आनंदच व्हायला हवा होता. आमच्या आल्डेवीर गावात त्या पुलाला माझ्याइतक्या शिव्या कुणी घातल्या नसतील. आमची भट्टी कालव्याच्या या बाजूला आणि निम्मी गिऱ्हाइकं त्या बाजूला. बाबांच्या वेळी घोडागाडी होती, माझ्या वेळी मोटार आली, पण पूल उघडला की दोन्ही सारख्याच उभ्या. पण हा आमचा पूल आहे. त्याला शिव्या घालायचा हक्क आमचा, शहरातल्या कुणाचा नाही.

हा पूल बांधताना गावात डोकी फुटली होती, असं म्हातारे सांगत. शेतकऱ्यांना रस्ता हवा होता, नाववाल्यांना पाणी मोकळं हवं होतं. शेवटी तडजोड निघाली: पूल बांधायचा, पण फिरता, आणि नाव आली की गाडीनं थांबायचं, मग गाडीत नवरी असो की डॉक्टर. कालव्याच्या मधोमध दगडी ओटा उभारला, त्याच्यावर एक जाडजूड लोखंडी खुंटा आणि खुंट्यावर अख्खा पूल तोलून धरलेला. दोन्ही टोकांखालच्या पाचरी ओढून काढायच्या, पुलाच्या मध्यभागी असलेल्या भोकात माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी किल्ली घालायची आणि तिचा दांडा धरून घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. बेचाळीस फेऱ्या झाल्या की पूल रस्त्याला पाठ करून पाण्याच्या दिशेनं उभा राहतो आणि फिरवणारा माणूस पुलासकट कालव्याच्या मध्यावर. दोन्ही काठ तुटलेले. पहिला पूलवाला वोबेकाकांचा आजोबा, मग बाप, मग हे. तिघांनी मिळून शहात्तर वर्षं त्या गोल वाटेवर पावलं टाकली होती आणि तिथलं लोखंड जुन्या चमच्यासारखं झिजून चकचकीत झालं होतं.

तर त्या दिवशी कॉफी पिऊन मी म्हटलं, "काका, यात काय अवघड आहे? नोंदवही तुमच्याकडे, पेन्सिल तुमच्याकडे. लिहा तीनशे. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," काका म्हणाले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून पहिली वही काढली, आजोबांच्या हातची. एका पानावर आजोबांनी एक नोंद खोडली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'नाव आली असं धुक्यात वाटलं. आली नव्हती. पूल उगाच उघडला.' खाली सही.

मी बिस्किट संपवलं.

युक्ती काढली ती हिस्केमावशींनी. त्यांना कारणही होतं. नवऱ्यामागे त्या त्याच्या जुन्या मालवाहू नावेवर एकट्या राहत, पुलाच्या आतल्या बाजूला, वळणाशी. पूल जखडला तर ती नाव, म्हणजे त्यांचं घर, कायमचं कोंडलं जाणार होतं. पूल पाण्यापासून कमरेइतकाच उंच. होडी वाकून जाईल, पण मोठ्या नावेचं नाकसुद्धा आत शिरायचं नाही. "जायचंय कुठं तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कुठंच नाही. पण दार बाहेरून लावलेल्या घरात तू राहशील का?" रोज मोठी नाव सोडवणं त्यांच्यानं झालं नसतं. म्हणून त्यांनी आपल्या वल्ह्याच्या होडीला डोलकाठी लावायचं ठरवलं. पक्की डोलकाठी असेल, तर ती नाव. आणि नाव आली की पूल उघडलाच पाहिजे.

सुतळीचा प्रयोग फसल्यावर त्या लोहाराकडे गेल्या. त्यानं होडीच्या तळात लोखंडी चौकट बसवली, रिव्हेट मारले. दोन दिवसांनी सकाळी पुन्हा भोंगा वाजला. काका पुलाच्या कडेला गुडघे टेकून वाकले, काठी स्वतःच्या हातानं हलवून पाहिली, उंची फुटपट्टीनं मोजली. मग उभे राहिले, टोपी सारखी केली आणि एखाद्या जहाजाच्या कप्तानाला म्हणावं तसं म्हणाले, "शुभ प्रभात. पूल उघडतोय."

"उपकार झाले," मावशी म्हणाल्या.

बेचाळीस फेऱ्या. आपल्या होडीतून मावशी राणीसारख्या ताठ बसून गेल्या. शंभर वार पुढे जाऊन त्यांनी वल्ही ठेवली आणि विणकाम काढलं. संध्याकाळी परत. रोज दोन नोंदी. रविवारी पूल बंद, कारण रविवारी आमच्याकडे देवाशिवाय कुणी काम करत नाही.

हळूहळू गाव यात पडलं. दूधवाल्या शेतकऱ्यानं आपल्या पडावावर शिडी उभी केली. "शिडी," काका म्हणाले, आणि त्याला वाकून जायला लावलं. दुसऱ्या दिवशी तो खरी डोलकाठी लावून आला. शाळामास्तरांनी शिडाची होडी काढली. आणि जूनमध्ये एके सकाळी मीही पावाच्या टोपल्या होडीत भरून निघालो. नाही तरी हिस्केमावशींपायी रोज फाटकाशी उभा राहतोच आहे, तर निदान पूल माझ्यासाठी तरी उघडू दे. पहिल्यांदा खालून पुलाकडे पाहिलं. अख्खा रस्ता माझ्यासाठी बाजूला सरकत होता, फाटकापलीकडे खुद्द पाद्री सायकल धरून थांबले होते. खोटं कशाला बोलू, फार गंमत वाटली.

त्याच उत्साहात मी माती खाल्ली. एका शनिवारी मी सगळ्या गावाला गोळा केलं. नऊ होड्या, नऊ डोलकाठ्या, पुढे मावशी, मागे मी. गाणी म्हणत पुलापाशी आलो. मनात हिशेब: जाताना नऊ, येताना नऊ, एका दिवसात अठरा नोंदी! काकांनी पूल उघडला, आम्ही नऊच्या नऊ गेलो, संध्याकाळी परत आलो. मी मिशीवर ताव देत वही बघायला गेलो, तर दोन नोंदी.

"काका! आम्ही नऊ जण होतो!"

"हो की. छान दिसत होतात," काका म्हणाले. "पण पूल किती वेळा उघडला? जाताना एकदा, येताना एकदा. पाव तासात दिसणाऱ्या सगळ्या नावा एकदमच सोडायच्या, असा नियम आहे. नाहीतर रस्त्यावरच्या लोकांनी उभं किती राहायचं? तूच मला दहा वर्षं हे सांगत आलायस."

हिस्केमावशी त्या दिवसापासून मला सरदार म्हणू लागल्या. "काय सरदार, आज किती पलटणी आणताय?" पुढे आम्ही शहाणे झालो. वळणाआड लपून बसायचं, आधीची होडी गेल्यावर पाव तास मोजायचा, मग भोंगा वाजवायचा. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण जे पुलावरून दिसत नाही त्याचा नियमात उल्लेख नव्हता.

ऑगस्टात मात्र उन्हानं घात केला. लोखंड फुगलं आणि पुलाची टोकं काठाच्या दगडांत घट्ट रुतली. पाचरी निघाल्या, पण पूल जागचा हलेना. काका एकोणसाठ वर्षांचे. बादलीला दोर बांधून कालव्यातलं पाणी उपसत आणि पुलावर ओतत, टोकापासून टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. मावशी होडीतून बादल्या भरून वर देत. पाच दिवस एकही नोंद नाही. सहाव्या दिवशी काकांनी निरोप धाडला, की पहाटे उजाडता उजाडता या, तेव्हा लोखंड थंड असतं. आम्ही गेलो. काकांनी किल्लीवर छाती टेकली, पाय रोवले, आणि पूल कण्हत कण्हत सुटला. त्यांच्या हाताचे फोड फुटले होते. मी म्हटलं, "काका, मी फिरवतो जरा."

"तू पाव भाज," काका म्हणाले. पण त्यांच्या आवाजात माया होती.

ऑक्टोबरच्या सोळा तारखेला तीनशे झाले. वहीत काकांनी वेगळं काही लिहिलं नाही. 'हिस्के, होडी, पक्की डोलकाठी,' एवढंच. गावानं मात्र त्या संध्याकाळी काय काय प्यायलं ते न सांगितलेलं बरं.

एकतीस तारखेला दुपारी खात्याचे साहेब आले. फान लोखेम त्यांचं नाव. चाळिशीचा, नम्र माणूस, बूट चकचकीत. आरडाओरडा करणारा असता तर भांडता तरी आलं असतं. पुलावर उभ्या उभ्या त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी पाव पोचवून परत येत होतो, तो कठड्याला टेकून तिथेच थांबलो.

"तीनशे अठरा," साहेब म्हणाले. "नोंदी खऱ्या आहेत, मला शंका नाही. पण याला वाहतूक म्हणत नाहीत हो. एक बाई होडीत बसून विणकाम करते."

"पत्रात 'तीनशे वेळा' एवढंच आहे. विणकामाला बंदी आहे असं कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं. पत्र नीट लिहायला हवं होतं." साहेबांनी बॅगेतून दुसरा कागद काढला. "खरं सांगू का, निर्णय जुलैतच झालाय. डांबराचं काम देऊन झालंय. उद्या सकाळी माणसं येतील आणि पाचरी वेल्डिंग करून टाकतील. मला वाईट वाटतं."

काकांनी कागद घेतला, पण वाचला नाही.

"जुलैत," ते म्हणाले. "आणि मी ऑगस्टात याच्यावर बादल्या ओतत होतो."

साहेब पाण्याकडे बघत राहिले. कालव्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"माझी नोकरी कधीपर्यंत?"

"आज संध्याकाळी पाचपर्यंत. घर महिन्याभरात रिकामं केलंत तरी चालेल. कागदावर सगळं आहे."

"पाचपर्यंत," काका म्हणाले. "म्हणजे अजून पावणेदोन तास पूल माझ्या ताब्यात आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथं थांबलो असतो तर साहेबांच्या चकचकीत बुटांसकट त्यांना पाण्यात ढकललं असतं. मी गाडी काढली आणि सरळ वळणाशी गेलो. हिस्केमावशी नावेच्या फळीवर बसून बटाटे सोलत होत्या.

"मावशी, गेलं सगळं. त्यांनी जुलैतच ठरवलं होतं. आपल्याला उन्हाळाभर नाचवलं नुसतं."

त्यांनी हातातला बटाटा पूर्ण सोलला.

"पूल किती वाजेपर्यंत चालू आहे?"

"पाच."

"आता किती झाले?"

"साडेतीन."

"इंजिन तापायला पाऊण तास लागतो," त्या म्हणाल्या आणि सुरी खाली ठेवली. "हे बटाटे घेऊन जा तुझ्या बायकोला. आणि जायच्या आधी मागचा दोर सोड."

"मावशी, एकदा बाहेर पडलात तर परत येता नाही येणार."

"मला ठाऊक आहे ते, सरदार. दोर सोड."

मी दोर सोडला. अकरा वर्षं एका जागी बांधलेला दोर हातात घेतला तर त्याच्यावर शेवाळ होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पुलाशी परत आलो तोवर बातमी पसरली होती. दोन्ही काठांवर माणसं जमली होती. साडेचारच्या पुढे वळणावरून भोंगा वाजला, होडीचा चिरका भोंगा नव्हे, मोठ्या नावेचा. काकांनी मान वर केली. एकदाच पाहिलं आणि फाटकं पाडली.

"साहेब, उतरा. पूल फिरणार आहे."

"मी थांबतो," फान लोखेम म्हणाले. "एकदा फिरताना बघायचाय मला. अहवालात लिहायला."

"तुमची मर्जी. मी सांगायचं काम केलंय."

पाचरी निघाल्या. काका किल्लीच्या दांड्याला भिडले. त्या दिवशी ते हळू फिरले. प्रत्येक पाऊल नीट टाकत होते. पूल वळून पाण्याच्या दिशेनं उभा राहिला, आणि कालव्याच्या मध्यावर काका आणि साहेब दोघंच उरले. हिस्केमावशींची नाव धापा टाकत आली, काळी, रुंद, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, मागे दोरानं बांधलेली ती डोलकाठीची होडी. पुलाला घासेल इतकी जवळ आली आणि मावशींनी इंजिन मंद करून ती तिथंच थांबवली.

चर्चच्या घड्याळात पाचचे ठोके पडले.

काकांनी वही उघडली, काहीतरी लिहिलं, सही केली. बिल्ल्याची टोपी काढून वहीवर ठेवली आणि दोन्ही वस्तू साहेबांच्या हातात दिल्या. पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हे खात्याचं. किल्ली तिथं आहे, तीही खात्याची."

"अहो, पण आधी पूल बंद करा!"

"पाच वाजले. आता मी खात्याचा माणूस नाही. परक्यानं किल्लीला हात लावला तर शिक्षा आहे, नियम अकरावा."

"मी सांगतोय ना तुम्हाला!"

"तुम्ही तोंडी सांगताय, साहेब. पाचपर्यंतचं मात्र लेखी दिलंय."

"वोबे," नावेवरून हिस्केमावशी म्हणाल्या, "येणार असलास तर ये. सूप चुलीवर आहे, करपेल."

काकांनी कॉफीचा थर्मास उचलला. दोन्ही काठांकडे, आमच्याकडे एकदा पाहिलं; हात वगैरे केला नाही. मग पुलाच्या कडेवरून एक मोठं पाऊल टाकून ते नावेवर गेले. नाव सुटली. दहा-बारा हात गेल्यावर मात्र ते वळले, राहवेनाच त्यांना, आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "साहेब, डावीकडून फिरवा! उजवीकडे जोर दिलात तर खालच्या चाकाचे दाते तुटतील! बेचाळीस फेऱ्या, शेवटच्या तीन हळू!"

नाव समुद्राकडच्या बाजूला लहान होत गेली. आधी तिच्या खिडकीतला दिवा दिसत होता, मग तोही दिसेना.

साहेबांनी वही आणि टोपी खाली ठेवली. किल्लीला हात घातला. आधी उजवीकडे, मग आठवण होऊन डावीकडे. पाचव्या फेरीला त्यांनी कोट काढला. काठावर काही लोक हसले. बारा-पंधरा फेऱ्यांपर्यंत हसू टिकलं, मग आपोआप बंद पडलं, कारण हे पुलाचं शेवटचं फिरणं आहे, हे सगळ्यांना एकदमच कळलं असावं. चकचकीत बूट त्या झिजलेल्या वाटेवर घसरत होते. मी फेऱ्या मोजत होतो, आणि माझ्या गाडीच्या खिडकीशी उभे मास्तरही ओठांत मोजत होते. शेवटच्या तीन साहेबांनी हळू फिरवल्या, हे मान्य करायला हवं.

पुलाची टोकं काठाला लागली. पाचरी बसवताना साहेबांचे दोनदा हात सटकले. मग घामानं निथळत, शर्टाला वंगण फासलेले, ते पुलाच्या मध्यावर उभे राहिले. दोन्ही बाजूंना फाटकं पडलेली, फाटकांमागे अख्खं गाव, आणि सगळ्यांत पुढे माझी गाडी.

"फाटक उचला!" ते ओरडले. "झालंय सगळं! जा आता!"

ते डचमध्ये बोलले. घरात आम्ही फ्रिजियन, म्हणजे इथली भाषा, बोलतो, पण डच आम्हा सगळ्यांना चांगलं समजतं. मी गाडीचं इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. फाटकाला कुणीच हात लावला नाही.